म्बिराची झिणझिण हा दोष नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आफ्रिकेच्या पारंपरिक संगीतावर मराठीत लिहिले जाते तेव्हा सुरुवात ढोलांपासून होते आणि बहुधा लेख तिथेच संपतो. दुसरीकडे, अंगठ्यांनी छेडायची १७ पात्यांची कालिंबा हल्ली ऑनलाइन दुकानांतून आपल्याकडे भरपूर येते; तिच्याकडे मात्र मन शांत करणारे खेळणे म्हणूनच पाहिले जाते. लोखंडी पात्यांच्या जुन्या आफ्रिकी वाद्यांवरून संगीत-अभ्यासक ह्यू ट्रेसी यांनी १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत ही कालिंबा घडवून बाजारात आणली. त्या जुन्या घराण्यातली सर्वांत भारदस्त म्हणजे झिम्बाब्वेतल्या शोना लोकांची ‘म्बिरा द्झावाद्झिमू’. तिच्याविषयी थोडी नेमकी माहिती वाचकांपुढे यावी, म्हणून हे पत्र.

मुब्वामारोपा या झाडाच्या जाड फळीवर २२ ते २८ पाती तीन रांगांत बसवलेली असतात. दोन डावीकडे, एक उजवीकडे. पूर्वी खनिजातून गाळलेले लोखंड वापरत, आता मोठे खिळे किंवा स्प्रिंगचे पोलाद ठोकून चपटे करतात. डावा अंगठा डावीकडच्या दोन्ही रांगा सांभाळतो. उजव्या रांगेतली पहिली तीन पाती उजवा अंगठा दाबून वाजवतो, पुढची पाती तर्जनी खालून वर उचलून छेडते, आणि उजवी करंगळी फळीच्या कोपऱ्यातल्या भोकात घालून वाद्य पेलायचे असते. कालिंबावर सूर डावे-उजवे आलटून-पालटून येतात, इथे खर्ज डावीकडे साठवलेला असतो. त्यामुळे कालिंबाची सवय झालेला हात म्बिरावर आधी चाचपडतोच. सूर लावणे तत्त्वतः सोपे आहे: पाते बाहेर ओढले की सूर उतरतो, आत ठोकले की चढतो. कानशीने टोक घासले तर चढतो, बुंध्याशी घासले तर उतरतो. पण घासलेले लोखंड परत येत नाही, म्हणून आधी हातोडी, कानस अगदी शेवटी. पियानोच्या पट्टीशी ताडून म्बिरा बेसूर ठरवू नये. घडवणाऱ्यागणिक सुरावट बदलते, आणि सोबत वाजणाऱ्या दोन म्बिरा एकमेकींशी जुळल्या म्हणजे पुरे.

हे सगळे अर्ध्या भोपळ्यात, म्हणजे ‘देझे’त, बसवून काठीच्या पाचरीने घट्ट करतात. पाचर ढिली राहिली तर फळीच खडखडते, आणि तो खडखडाट खरोखर नको असतो. हवी असते ती दुसरीच झिणझिण. फळीच्या खालच्या भागावरच्या धातूच्या पट्टीवर आणि देझेच्या काठावर बाटल्यांची पत्र्याची बुचे तारेने सैल अडकवलेली असतात; पूर्वी शंख-शिंपले असत. सूर विझत आला तरी ही झिणझिण त्याला धरून ठेवते आणि दोन वाद्यांचे सूर एकमेकांत मिसळून टाकते. बुचे जास्त आवळली तर वाद्य मुके होते, फार सैल ठेवली तर चाल झाकली जाते. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांना हे समजावून सांगायची गरज नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर सूत सरकवून जवारी लावतात, ती सुरात अशीच जान यावी म्हणून. तरीही ‘आवाज स्वच्छ हवा’ म्हणून ही बुचे काढून टाकली जातात, आणि मग जे उरते त्याला आपण आफ्रिकेचे पारंपरिक संगीत म्हणतो!

एकट्याने वाजवलेली म्बिरा ही अर्धीच रचना असते. एक जण ‘कुशाऊरा’ वाजवतो, दुसरा त्याच्या सुरांमधल्या फटींत ‘कुत्सिन्हिरा’ गुंफतो. काही रचनांत तर जवळपास तोच भाग फक्त एका मात्रेने मागे ठेवतात. आवर्तन साधारण ४८ मात्रांचे, १२-१२ च्या चार तुकड्यांत, आणि समेसारखी ठाशीव जागा शोधू गेल्यास ऐकणारा फसतो, कारण सुरुवात कुठूनही करता येते. दोन्ही भाग जुळले की कोणाच्याच बोटांनी सलग न वाजवलेली एक तिसरी चाल कानाला ऐकू येऊ लागते. सोबत ‘होशो’ हवेतच. हे भोपळ्याचे खुळखुळे, आत कर्दळीच्या टणक बिया. दोन हातांत दोन धरून ठोका द्यायचा. बिया दर हेलकाव्याला एकदम आदळल्या पाहिजेत. मनगट सैल पडले तर त्या विखरून सरकतात, ठोका पसरतो आणि म्बिरा वाजवणाऱ्यांची लय डळमळते.

हे सारे कशासाठी? घरात आजार असेल, पाऊस ओढ देत असेल, कुटुंबात तंटा असेल, तर शोना घराणी ‘बिरा’ नावाचा रात्रभराचा विधी करतात. त्यासाठी नाचणीची बिअर सुमारे आठवडाभर आधी घालावी लागते. पूर्वजाला प्रिय असलेली रचना वाजत राहिली की तो माध्यमाच्या, म्हणजे ‘स्विकिरो’च्या, अंगात येतो असे मानतात, आणि मग घरचे लोक त्याला प्रश्न विचारतात. पूर्वज येईपर्यंत वाजवणाऱ्यांनी हात थांबवायचा नसतो. जमलेले लोकही नुसते ऐकत बसत नाहीत. टाळ्या, नाच आणि गाणे त्यांच्याकडेच असते.

म्हणूनच मिशनऱ्यांनी या वाद्याला विरोध केला. १८९८ मध्ये ब्रिटिशांनी नेहांडा या पूर्वज-आत्म्याच्या माध्यम स्त्रीला फाशी दिली; त्यांच्या राजवटीविरुद्धच्या उठावामागे तिचा शब्द होता असे मानले जाई. पुढे १९७० च्या दशकातल्या स्वातंत्र्यलढ्यात गायक थॉमस मापफुमो यांनी म्बिराच्या चाली गिटारवर आणल्या, आणि १९७७ मध्ये त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. म्बिरा घडवण्याची व वाजवण्याची कला २०२० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आली, मलावी आणि झिम्बाब्वे या दोन्ही देशांच्या नावे. या घराण्यातल्या वाद्याचे एक जुने लेखी वर्णन मात्र सोळाव्या शतकाच्या अखेरीस आजच्या मोझांबिकमध्ये राहिलेल्या जुआँव दुश सांतुश या पोर्तुगीज धर्मोपदेशकाचे आहे: नऊ लोखंडी पाती, आणि ती छेडण्यासाठी मुद्दाम वाढवलेली अंगठ्यांची नखे. हा लेखक पुढे गोव्यातच वारला.

आपल्याकडे कालिंबाचे वर्ग चालवणाऱ्यांनी ‘आफ्रिकन संगीत’ असे नाव देऊन कार्यक्रम करायचा तर निदान दोन वादक बसवावेत, होशोला एक पक्का हात द्यावा आणि कार्यक्रमपत्रिकेवर शोना लोकांचे व रचनेचे नाव छापावे. आणि बुचे काढू नयेत.

– एक वाचक, मिरज