मनूस पत्र: पारव्याला अजून थोडा वेळ दे

प्रिय मनू,

काल फोनवर तू "बाबा, मी बघते ना" म्हणालीस आणि ठेवलास. मी लगेच परत लावणार होतो पण आई म्हणाली नको, दोघं परत भांडाल, त्यापेक्षा लिहून पाठवा, ती निवांत वाचेल. म्हणून लिहितोय. एकटी जाण्याबद्दल एक शब्द काढायचा नाही असं ठरवूनच बसलोय. सायलीचा हात प्लास्टरमध्ये आहे, त्यामुळे ती बसते ती घोडी, रखमा, येणार नाही, आणि तुला रविवारी डोंगराच्या धारेवरच्या वाटेनं पारव्याला न्यायचंच आहे, हे मला समजलंय. घोडा तुझा आहे, घडवतेयस तू. ठीक आहे.

मला खरं तर ओढ्याबद्दल बोलायचंय. तू सांगितलंस की मागच्या वेळी तो पाण्यापाशी अडला, पाऊण तास हलला नाही आणि शेवटी तू त्याला घातलंसच. आणि नंतर तो अगदी शांत झाला, मान खाली घालून मुकाट चालला. मनू, ते शांत होणं मला नीट वाटलं नाही. घोडा निवळला की कळतं गं, तो लांब श्वास सोडतो, फुरफुरतो, ओठ चाटतो, कान इकडेतिकडे फिरायला लागतात, शेपूट सैल होते. आणि घोडा हरला की तोही गप्पच उभा राहतो, पण डोळा थिजलेला असतो, कान हलत नाहीत, श्वास वरचेवर. लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. तू पाठीवर होतीस, तुला माहीत असेल कुठलं होतं ते. नीट आठवून बघ एवढंच म्हणतो.

त्याला पाणी आपल्यासारखं दिसत नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, जवळजवळ 350 अंश दिसतं त्याला, पण बरोब्बर कपाळासमोर आणि नाकाखाली एक पट्टा असा की तिथलं काहीच दिसत नाही, आणि शेपटीमागचं नाही. म्हणजे पायापुढचं पाणी बघायचं तर त्याला मान खाली न्यावी लागते, थोडं तिरकं वळून एका डोळ्यानं बघावं लागतं. आपण नेमकं तेव्हाच लगाम आखडतो, कारण मान खाली गेली की आपल्याला वाटतं हा आता माघारी फिरणार. लगाम सैल सोड. हुंगू दे, पायानं पाणी उडवू दे. अडला तर तिथंच उभं राहू दे, फक्त तोंड ओढ्याकडे असू दे. एक पाऊल पुढे टाकलं की टाच लगेच ढिली. भीती फारच वाढली तर तू स्वतःहून चार पावलं मागे घे, तो पळून जायच्या आधी, आणि परत ये. आणि नुसते पुढचे दोन पाय ओले झाले तरी त्या दिवसापुरतं बास. पलीकडे जायलाच पाहिजे हा हट्ट आपला असतो, त्याला पलीकडे काहीच काम नसतं.

बिचकून तो ओढ्यावरून उडीही मारेल, कोवळी घोडी मारतातच. आयाळ धरून ठेव, तोंडाला हिसका बसू देऊ नकोस. पाण्यावरून उडी मारली आणि तोंडात कडियाळं, म्हणजे लगामाची लोखंडी कडी, टोचलं की त्याच्या डोक्यात पक्कं बसतं, पाणी म्हणजे दुखणं. आणि सायली परत बरोबर येईल, पुढे असेल, तेव्हा तिला सांग पलीकडे लांब जाऊन थांबायला, अगदी काठावर नको, हा नेमका रखमाच्या अंगावर जाऊन पडेल. आणि सगळे पार होईपर्यंत कोणी पुढे निघायचं नाही. मागे राहिलेल्याला वाटतं कळप गेला, मग तो वेडावाकडा धावतो, ओढाबिढा काही बघत नाही.

बघ, सायली आलीच मध्ये. पण विषय तोच आहे ना. घोडा हा कळपाचा प्राणी, त्याची अर्धी हिंमत शेजारच्या घोड्याच्या अंगात असते. पारवा धारेवर दोनदा गेला तो रखमाच्या मागं, तिच्या शेपटीकडे बघत. तू म्हणतेस त्याला वाट माहीत झालीय. त्याला वाट नाही, रखमा माहीत झालीय. आधी तिच्या मागून, मग मधे, मग सोप्या रुंद वाटेवर थोडा वेळ त्याला पुढे काढायचं, दचकला की रखमाला परत पुढे. मग एखाद्या झाडापलीकडे मिनिटभर दोघांना वेगळं करायचं आणि तो ओरडायच्या आत परत आणायचं. हे सगळं झालं की मग एकटं, आणि एकटं म्हणजे पहिल्यांदा तबेल्यामागची सपाट वाट, धार नाही.

लेक्चर झालं. सॉरी. तुला हे येतं, रखमाच्या वेळी तूच केलंस सगळं, मी तर लांबून बघत होतो. तो ताडपत्रीचा दिवस आठवतो का? वाऱ्यानं ताडपत्री फडफडली आणि पारवा कमरेतून मोडल्यासारखा बाजूला गेला, आणि तू, मी कुंपणाला हात घट्ट धरून उभा होतो, तू नुसती खाली बसलीस खोगिरात, खांदे सोडलेस, श्वास सोडलास आणि त्याच्या मानेवर हात ठेवून बोलत राहिलीस. चाबूक नाही, आरडाओरडा नाही. तो थरथरत थरथरत थांबला. मी तेव्हा काही बोललो नाही तुला. मोठ्या काकांना मात्र त्याच रात्री सांगितलं की आपल्या घरात असा हात कोणाचाच नव्हता, त्यांचासुद्धा नाही, आणि ते ऐकून चक्क गप्प बसले.

आणि त्याच्याही आधीचं, तू सात वर्षांची, चंद्रीवर. रिकिबीत पाय पोचत नव्हते म्हणून काकांनी कातडी पट्टा दोनदा गुंडाळला होता. चंद्री ओढ्यात मधोमध थांबली आणि पाणी प्यायला लागली, तू वरून मला ओरडून सांगत होतीस की बाबा तिला ओढू नका तिला तहान लागलीय. काठावर उभे राहून सगळे हसत होते. चंद्रीनं तुला घडवलं गं, एकवीस वर्षांची घोडी होती ती, तिला जगातलं काही नवीन नव्हतं. तू घाबरलीस तरी ती घाबरत नव्हती. पारव्याच्या बाबतीत हे उलटं आहे. तो चार वर्षांचा आहे, त्याला सगळंच नवीन आहे, आणि चंद्री व्हायचं काम आता तुझं आहे. मला याचं कौतुकही वाटतं आणि पोटात गोळाही येतो.

स्वीडनमध्ये एक अभ्यास झाला होता, 2009 साली छापून आला. माणसांना घोडा घेऊन, काहींना घोड्यावर बसून, तेवढंच अंतर चार वेळा पार करायला सांगितलं. चौथ्या वेळी आधी सांगून ठेवलं की आता तुमच्याजवळ एकदम छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही. पण माणसाच्या छातीचे ठोके वाढले, आणि घोड्याचेही वाढले. घोड्याला छत्रीचं काय माहीत? त्याला माणूस कळला. हे वाचल्यापासून मी ठरवलंय की तू निघायच्या दिवशी सकाळी फोन करायचा नाही. माझ्या आवाजातली काळजी तुझ्या हातात उतरेल आणि तुझ्या हातातून लगामात. म्हणून आत्ताच लिहून टाकतोय सगळं, रविवारी मी गप्प.

धारेबद्दल आता. अरुंद वाटेवर तू डोंगराच्या अंगाला झुकतेस, मी त्या व्हिडिओत बघितलं. सगळेच झुकतात, शरीर आपोआप दरीपासून लांब जातं. पण तुझं वजन आत गेलं की त्याला तोल सावरायला पाय बाहेर टाकावा लागतो, दरीकडे. मधोमध बस, नजर पुढच्या वळणावर, खाली नाही. आणि वळायची वेळ आलीच तर त्याचं तोंड दरीकडे करून वळव, पार्श्वभाग डोंगराकडे. ऐकायला भयंकर वाटतं पण पुढचे पाय कुठे पडतायत ते त्याला दिसतं, मागचे दिसत नाहीत. डोंगराकडे तोंड करून वळवलास तर मागचे पाय काठावर येतात आणि त्याला पत्ताच नसतो.

एका बाजूचा लगाम ओढून घोड्याला गोल फिरवून थांबवायचं मी तुला शिकवलं, ते तिथं चालत नाही. फिरवायला जागाच नाही. उधळलेल्या घोड्याला धारेवर थांबवायचा ब्रेक म्हणजे फक्त त्याचा तुझ्यावरचा विश्वास, आणि तो विश्वास अजून कच्चा आहे, तूच म्हणालीस फोनवर की सपाटीवरसुद्धा बुजतोय मधे मधे. मग मनू, कच्च्या विश्वासावर आणि एकटीनं... नाही म्हणजे, एकटीनं नाही असं म्हणत नाही मी. रुंद वाट निवड असं म्हणतोय. आईनं वाचलं तर म्हणेल परत तेच लिहिलंत.

उतारावर घाई नको. घोड्याचं निम्म्याहून जास्त वजन, साधारण 60 टक्के, तसंही पुढच्या पायांवर असतं, त्यात उतार आणि वर तू. मागचे पाय पोटाखाली घ्यायला त्याला हळूहळू जमेल. सरळ खाली उतरव, तिरका नको, तिरका घसरला की कडेवर पडतो. चढावर पुढे वाक, आयाळ धर, त्याची पाठ मोकळी सोड. आणि त्याची हाडं अजून पक्की नाहीत हे विसरू नकोस, मणक्यांची वाढ साडेपाच-सहा वर्षांपर्यंत चालते. थकला की तो भित्रा होतो, आणि आपल्याला वाटतं हट्टीपणा करतोय.

दातही बघून घे. चार-साडेचारला कडेचे दुधाचे दात बदलत असतात, कधी दाढांवरची टोपणं, म्हणजे उरलेल्या दुधाच्या दाढा, हलत असतात, तेव्हा कडियाळं टोचतं. खोगीरही. या वयात पाठ सारखी बदलते, सहा महिन्यांपूर्वी बसलेलं खोगीर आज खांद्यावर रुतत असेल. खोगिराचा तंग आवळताना कान मागे टाकतो म्हणालीस ना? मग आधी डॉक्टरला पाठ दाखव, मग त्याला बुजरा म्हण. दुखत असलेल्या घोड्याला धीर देता येत नाही.

तुला शिलेदार आठवत नसेल, तू खूप लहान होतीस. पारव्यासारखाच होता, त्याच्याहून देखणा, आणि पाण्यात तर स्वतःहून शिरायचा. काकांनी विकला. ज्यांनी नेला त्यांना त्याला पहिल्याच मोसमात अवघड वाटांवर दाखवायचं होतं. दोन वर्षांनी परत आमच्याकडे आला तो पानाच्या सावलीलासुद्धा बुजायचा. काकांनी किती मेहनत घेतली, माणसाळला, पण डोंगर चढायला परत तयार झाला नाही. घोडा विसरत नाही. वाईट लक्षात ठेवतो आणि चांगलंही लक्षात ठेवतो, पण वाईटाला एक दिवस पुरतो.

म्हणून घाई नको म्हणतोय, दुसरं काही नाही. छोटी रपेट, आणि मजा येत असतानाच परत. दरवेळी त्याच झाडापाशी माघारी वळू नकोस, नाहीतर तो झाड दिसलं की स्वतःच फिरेल. येताना चालत, दुडकी नाही, घराकडे धावायची सवय लागली की उतारावर तुझा जीव जाईल. बघ काय लिहिलं मी. खोडत नाही, राहू दे.

खाली उतरावंसं वाटलं तर उतर. त्यात कमीपणा काही नाही, काका अजून उतरतात. पण त्याच्या सरळ पुढे चालू नकोस, घाबरला की तो तुझ्याच मागं लपायला येतो, अंगावर. खांद्याशी चाल, आणि वाट तेवढीही रुंद नसेल तर त्या वाटेनं त्याला नेऊच नकोस.

हे सगळं वाचूनही तू जाशील, मला माहीत आहे. तुझ्या वयात मीही गेलो असतो. निदान कोणाला तरी वाट आणि परत यायची वेळ सांगून जा, मला नको सांगायचं तर सायलीला सांग. फोन खोगिराच्या पिशवीत ठेवू नकोस, अंगावर ठेव. घोडा पळाला तर फोन त्याच्याबरोबर जातो. पायात टाचेचे बूट, साधे स्पोर्ट्स शूज नकोत, पाय रिकिबीतून पार जातो. किंवा सायलीचा हात बरा होईपर्यंत थांब. सहा आठवडे फक्त. धार कुठे जात नाही.

आणि एक राहिलं. मागच्या महिन्यात तू पडलीस तेव्हा हेल्मेट जमिनीवर आपटलं होतं, तू म्हणालीस काही झालं नाही, एक ओरखडाही नाही. ओरखडा नसला तरी आतलं फोम दबलेलं असू शकतं, ते एकदाच वाचवतं. नवीन घेतलंस का? बाकी काही नाही लिहिलंस तरी चालेल, याचं उत्तर मात्र रविवारच्या आत दे.

तुझा,
बाबा