वाद देवाचा, शिव्या शेजाऱ्याला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एका ख्रिस्ती वाचकाच्या पत्राला कालच्या अंकात वाचकांच्या पत्रांत छापलेले ते लांबलचक उत्तर वाचल्यापासून संताप जात नाही, म्हणून सकाळीच हे लिहायला बसलो. मी स्वतः देव मानत नाही. म्हापशात मला ओळखणाऱ्या सगळ्यांना हे ठाऊक आहे. माझ्याच बाजूने लिहिणाऱ्या माणसाने त्या ख्रिस्ती गृहस्थांना ‘बाटगे’ आणि ‘इन्क्विझिशनची अवलाद’ म्हणावे आणि आपण ते जसेच्या तसे छापावे, याची मला शरम वाटली.

गृहस्थांनी विचारले होते ते एवढेच, की देव नसेल तर नीती कुठून येणार? प्रश्न जुना आहे आणि त्याला चांगली उत्तरे आहेत. कालच्या पत्रात त्यातले एकही नाही. त्यात आहे ते त्यांचे आडनाव, त्यांचे पणजोबा आणि पोर्तुगीज.

आणि इतिहास तरी धड सांगायचा. इन्क्विझिशन म्हणजे धर्मद्रोहाचा तपास करणारे चर्चचे न्यायासन. गोव्यात ते १५६० साली आले, मधली चार वर्षे बंद होते आणि १८१२ साली कायमचे गेले. देवळे मोडली गेली, लोक देव घेऊन अंत्रुजेत, म्हणजे आजच्या फोंड्याकडे, पळाले, हे सगळे खरे आहे आणि ते ठणकावून सांगितलेच पाहिजे. पण या न्यायासनाचा मुख्य अधिकार चालायचा तो बाप्तिस्मा झालेल्यांवर. जुने आचार लपूनछपून पाळल्याच्या आरोपावरून त्याच्यापुढे उभे केलेले बहुतेक लोक इथलेच नवे ख्रिस्ती होते. ज्यांच्या पूर्वजांनी ते भोगले त्यांनाच आज त्याचे वारस म्हणून हिणवणे हा उघड अन्याय आहे.

‘पाद्री म्हणजे अज्ञानाचे व्यापारी’ असेही एक वाक्य त्यात आहे. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी पुतळा आहे तो आबे फारिया पाद्रीच होता. १७५६ साली कांदोळीत जन्मलेल्या या माणसाने पॅरिसमध्ये सांगितले, की संमोहनात कसला चुंबकीय द्रव वगैरे काही नसतो, जे घडते ते सूचनेमुळे त्या माणसाच्या मनातच घडते. पत्रलेखकाने त्या पुतळ्याखालची पाटी तरी वाचावी.

माझा संताप एवढा का, तेही सांगतो. माझी पत्नी कर्करोगाने गेली. त्यानंतर काही महिन्यांनी एका वाचनालयात ‘दुःख आणि देव’ या विषयावर चर्चा होती. ख्रिस्ती, हिंदू, माझ्यासारखे न मानणारे, सगळे होते. देव दयाळू आणि सर्वशक्तिमान असेल तर लहान मुलांना वेदना का, असे मी विचारले. एक ख्रिस्ती सद्गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, “सर, तुमच्या बायकोला कॅन्सर का झाला, याचा कधी विचार केलात?” ते खाली बसले. अध्यक्ष म्हणाले, “पुढचा प्रश्न.” माझे अर्धे आयुष्य ज्यांच्याबरोबर शाळेत गेले अशी माणसे त्या सभागृहात होती. कोणी चकार शब्द काढला नाही.

नास्तिक मी होतो, ती नव्हती. ती सोमवार धरायची, शिरगावच्या लईराई देवीला जायची आणि म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्र सायबिणीच्या, म्हणजे मेरी मातेच्या, फेस्ताला न चुकता तेल वाहायची. लईराई आणि सायबीण या दोघी बहिणी आहेत अशी तिची पक्की श्रद्धा होती. त्या गृहस्थांच्या देवाने माझ्या अविश्वासाची शिक्षा तिला दिली म्हणायचे? त्यांच्याच शुभवर्तमानात, योहानाच्या नवव्या अध्यायात, जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू सांगतो, कोणाचेही नाही. ही गोष्ट मला माहीत आहे आणि दर रविवारी मिसाला जाणाऱ्या माणसाला माहीत नसावी?

आता दुसरी गोष्ट. पत्नीच्या शेवटच्या दिवसांत आमची ख्रिस्ती शेजारीण रोज संध्याकाळी पेज घेऊन यायची आणि खाटेशेजारी बसून हळू आवाजात तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची. मी तिला कधी अडवले नाही. तिने मला कधी देवाविषयी उपदेश केला नाही. कालच्या पत्रातला ‘बाटगे’ हा शब्द तिलाही लागतो, संपादकसाहेब. ती मराठी वाचते. आपले वर्तमानपत्र माझ्याकडून नेऊन वाचते. काल मी ते दिले नाही.

वाद कडाडून व्हावा. १९४८ साली बीबीसीवर देव न मानणारे तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल आणि जेझुइट पाद्री कोपलस्टन देवाच्या अस्तित्वावर बोलले. दोघेही तसूभर हटले नाहीत आणि कोणी कोणाच्या घरावर गेले नाही. व्हॅटिकनच्या परिषदेने तर १९६५ साली नास्तिकांशी प्रामाणिक संवाद हवा असे लिहून ठेवले आहे. पण २०१२ साली विलेपार्ल्यात क्रुसातून ठिबकणाऱ्या पाण्याचे कारण केशाकर्षण आहे, म्हणजे पाणी बारीक छिद्रांतून आपोआप वर चढते, असे बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामरुकू यांनी सांगितले, तेव्हा त्यांच्यावर पोलिसांत तक्रारी झाल्या आणि त्यांना फिनलंड गाठावे लागले. हेही मी विसरलेलो नाही.

मुद्दा गप्प राहणाऱ्या अध्यक्षाचा आहे, आणि या सदराचे अध्यक्ष आपण आहात. आमच्या वाड्यावरच्या तुंबलेल्या गटाराविषयी मी पाठवलेले पत्र आपण ‘जागेअभावी’ निम्मे कापले होते, आणि कापले ते नेमके पावसाळ्यात पाणी घरात शिरते हे वाक्य. काल मात्र पावणेदोन कॉलम जागा निघाली. त्या दोन शिव्यांवर कात्री का चालली नाही, याचे उत्तर मला हवे आहे. ते शब्द आपण जाहीरपणे मागे घ्यावेत.

आणि त्या ख्रिस्ती गृहस्थांना पुन्हा लिहायला जागा द्यावी. देवाशिवाय नीती येणार नाही, हे त्यांच्या प्रश्नातून सुचणारे म्हणणे मला अजिबात पटलेले नाही आणि त्याचे उत्तर मी वेगळ्या पत्रात सविस्तर देणार आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, म्हापसा