तक्रार: चार पावसाळे गोडाऊनमध्ये पडलेलं ऑक्सिजन मशीन नवीन म्हणून विकलंत, आणि आता दमट हवेचं कारण सांगून वॉरंटी नाकारताय

प्रति,
ग्राहक सेवा विभाग, आणि आयात-वितरण बघणारे जे कोणी साहेब असतील त्यांना पण

नमस्कार,

मी गुहागर तालुक्यातनं लिहितोय, समुद्र आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. आईला सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांचा जुना श्वासाचा आजार आहे, उभा जन्म चुलीच्या धुरात गेला तिचा, आणि डॉक्टरांनी दिवसाला किमान १५ तास दोन लिटरवर ऑक्सिजन लावायला सांगितलाय म्हणून जानेवारी २०२५ मध्ये तुमचं पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतनं ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन, चिपळूणच्या डीलरकडनं घेतलं. पक्कं बिल आहे, वॉरंटी कार्डवर डीलरचा शिक्का आहे, तीन वर्षांची वॉरंटी आहे. जूनच्या शेवटी हिरवा दिवा जाऊन पिवळा लागला आणि तुमच्या सर्व्हिस सेंटरने मशीन बघून मेल केला की सिव्ह बेड (हवेतनं ऑक्सिजन वेगळा करणारे आतले डबे) दमट हवेमुळे खराब झालेत, हा ग्राहकाच्या वापरातला दोष आहे, वॉरंटी लागू नाही. ह्या एका वाक्यावर माझी तक्रार आहे.

दिवा पिवळा झाला त्या दिवशी संध्याकाळी आई पडवीत बसली होती, नळी नाकात, मशीन चालू, आवाज नेहमीसारखा, आणि तरी तिला वाक्य पुरं करता येत नव्हतं. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर रक्तातला ऑक्सिजन ८४ टक्के. एरवी मशीनवर ९०-९१ असतो. नखं काळीनिळी पडलेली. घरात एक सिलेंडर भरून ठेवलेला होता म्हणून निभावलं, नाहीतर रात्री त्या पावसात काय केलं असतं हे आठवायला पण नको वाटतं. दुसऱ्या दिवशी चिपळूणहून टेक्निशियन आला, त्याने मशीनमधनं येणारी हवा मोजायला ॲनालायझर लावला तर ऑक्सिजन ७४ टक्के. तुमच्याच पुस्तिकेत लिहिलंय की ९० ते ९६ टक्के यायला हवा आणि ८२ च्या खाली गेला की दिवा पिवळा होतो. म्हणजे मशीन खराब आहे यावर वाद नाहीच, ते तुम्ही पण मान्य केलंय. वाद आहे तो कोणामुळे खराब झालं याचा.

त्या टेक्निशियनने मशीन उघडून आम्हाला दाखवलं म्हणून नीट कळलं. आत दोन डबे असतात, त्यात झिओलाइट नावाच्या खनिजाचे दाणे. कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून एका डब्यात ढकलतो, हवेतला ७८ टक्के नायट्रोजन दाण्यांना चिकटतो आणि ऑक्सिजन पुढे जातो, तोवर दुसरा डबा आपला नायट्रोजन बाहेर टाकून मोकळा होतो, आणि दर काही सेकंदांनी जो फुस्स आवाज येतो तो त्याचाच. आता ह्या दाण्यांना नायट्रोजनपेक्षा पाण्याची ओढ जास्त. मशीन रोज चालू असलं तर आत आलेली वाफ त्या फुस्स बरोबर बरीचशी बाहेर पडते. पण मशीन महिनोन्महिने बंद पडून राहिलं तर ओल हळूहळू आत मुरत जाते, झाकण सैल राहिलेल्या डब्यातले पापड सर्दावतात तसे ते दाणे सर्दावतात, आणि एकदा पाणी धरलं की ते सहज सोडत नाहीत. आमच्याकडे मशीन रोज १५ तास चाललंय, लाईट गेली तर इन्व्हर्टरवर. मशीन किती तास चाललं ते मोजणाऱ्या आवर मीटरवर २,३०० च्या आसपास तास आहेत, तुमच्या इंजिनिअरने त्याचा फोटो काढून नेलाय. मग बंद पडून राहिलं ते कुठे?

ते तुमच्या स्टिकरवरच आहे. मशीनच्या मागे खाली, फिल्टरच्या जाळीजवळ तुमचं आयातदाराचं पांढरं स्टिकर आहे, भिवंडीचा पत्ता, आयात जून २०२१. पावसाळी हवेने त्याचा एक कोपरा सुटला होता आणि खाली कारखान्याची मूळ चांदीच्या रंगाची पट्टी दिसली, बनवल्याची तारीख मे २०२१, मेड इन चायना. म्हणजे २०२१, २२, २३, २४ असे चार पावसाळे हे मशीन खोक्यात बंद होतं आणि मग आम्हाला नवीन म्हणून दिलं. खोक्यावर कारखान्याची ती तारीख दिसतच नव्हती, आणि मशीनवरची तुमच्या स्टिकरखाली झाकलेली होती. ते मुद्दाम की घाईत हे तुम्हीच सांगा, पण माझ्याकडे दोन्हीचे फोटो आहेत.

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये काय हालत होती ते आम्ही पण बघितलंय. सरकारने तेव्हा घरगुती वापरासाठी आणलेल्या कॉन्सन्ट्रेटरवरचा आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) २८ वरनं १२ टक्के केला, जूनमध्ये एनपीपीएने, म्हणजे औषधांच्या किमती ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, ट्रेड मार्जिनवर (मधल्या विक्रेत्यांच्या नफ्यावर) ७० टक्क्यांची मर्यादा घातली, बाहेरनं मिळेल तेवढा माल देशात आला आणि त्या वेळी माणसं वाचावी म्हणून ते गरजेचंच होतं. पण लाट ओसरल्यावर जो माल उरला तो तपासून, निदान सिव्ह बेड बदलून मग विकायचा होता ना. साधा ॲनालायझर टेस्ट रिपोर्ट पण खोक्यात नव्हता. दुकानातल्या बिस्किटाच्या पुड्यावर सुद्धा तारीख बघून घेता येते आणि माणसाच्या श्वासाचं मशीन मात्र तारीख झाकून विकायचं, हे मला अजिबात पटत नाही.

आणि दमट हवा हे कारण तर तुम्ही द्यायलाच नको होतं. पुस्तिकेत चालवायच्या अटी दिल्यात त्यात ९५ टक्के आर्द्रतेपर्यंत चालेल असं स्वच्छ लिहिलंय. मशीन माजघरात, भिंतीपासून हातभर लांब, जमिनीवर नाही तर लाकडी स्टँडवर असतं. मागचा फिल्टर आठवड्याला धुऊन पूर्ण सुकवून लावतो. तुमचा डीलर चिपळूणला आहे, दापोलीला माल जातो, रत्नागिरीला जातो, मालवणला जातो, कोकणात पावसाळ्यात हवा कशी असते हे माल पाठवताना माहीत असतं आणि वॉरंटी द्यायची वेळ आली की अचानक दोष होतो, हे कसं काय? २०२१ मध्ये फिलिप्सने जगभरातल्या लाखो सीपॅप, बायपॅप (मास्कमधनं दाबाने हवा देणारी मशीन) आणि व्हेंटिलेटरचा रिकॉल केला, म्हणजे ती परत मागवली, आतला आवाज दाबायचा फोम झिजून श्वासात जायची भीती होती म्हणून. ती मशीन वेगळी, कंपनी पण वेगळी, पण त्या नोटीसमध्ये उष्ण-दमट हवेने फोम लवकर खराब होऊ शकतो हे लिहिलेलं होतं आणि तरी दमट गावातल्या पेशंटची मशीन त्यातनं वगळली नव्हती.

आता पार्टचं. सिव्ह बेड भारतात स्टॉकला नाही, चायनाच्या कारखान्यातनं येणार, मग न्हावा शेवाला उतरणार, मग कस्टम, मग भिवंडी, आणि ते पण आम्ही पैसे भरले तर. फोन केला की तुमची माणसं म्हणतात आम्ही फक्त डिस्ट्रिब्युटर, मॅन्युफॅक्चरर बाहेरचा आहे, त्यांच्याशी मेलवर बोला. त्या कारखान्याला मी गुहागरात बसून काय मेल करू? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये आयात करणारा पण विक्रेता धरलाय, आणि कलम ८६ मध्ये उत्पादकाला भारतातला कायदा लागू होत नसेल किंवा त्याला नोटीस बजावता येत नसेल तर वस्तूने झालेल्या नुकसानीची जबाबदारी विक्रेत्यावर येते. मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७ प्रमाणे आयातीचं लायसन्स तुमच्या नावावर असतं, कारखान्याच्या मागे लपता येत नाही. आणि ते लायसन्स ऑक्टोबर २०२३ पासून जवळपास सगळ्याच वर्गांच्या उपकरणांना सक्तीचं आहे, तर तुमचा एमडी-१५, म्हणजे त्या आयात लायसन्सचा नंबर मला लेखी कळवा, स्टिकरवर तो कुठे सापडला नाही.

तोपर्यंत आईचं सगळं सिलेंडरवर चाललंय. बी टाईप सिलेंडर दोन लिटरवर जेमतेम बारा तास पुरतो, म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेले १५ तास एका सिलेंडरमध्ये होतच नाहीत, भरायला चिपळूणला न्यायचा, ४०-४५ किलोमीटर, भाऊ रिक्षा घेऊन जातो त्या दिवशी त्याचा धंदा बुडतो. आई आता स्वतःच नळी काढून ठेवते, सिलेंडर संपेल म्हणून. तिला किती वेळा सांगायचं. ८६ वर गेली तरी म्हणते बरी आहे मी. गणपती तोंडावर आलेत, चाकरमानी यायला लागले की मुंबई-गोवा हायवेवर पार्सलची गाडी कधी पोचेल याचा भरवसा नसतो, म्हणून घाई करतोय.

मला ह्या मशीनची दुरुस्ती नकोय. मागच्या एका वर्षात बनलेलं दुसरं मशीन द्या, त्याच्यासोबत त्या सिरीयल नंबरचा ऑक्सिजन टक्केवारीचा रिपोर्ट द्या, किंवा बिलाचे पूर्ण पैसे परत करा. दोन्हीपैकी काहीही करा, पण ते होईपर्यंत एक चालू मशीन वापरायला ह्याच आठवड्यात पाठवा, डीलरकडे दोन डेमो पीस आहेत हे त्यानेच सांगितलं. जूनपासूनच्या सिलेंडर भरण्याच्या पावत्या जोडल्यात, तो खर्च तुमचा. आणि मे-जून २०२१ च्या त्या लॉटमधली किती मशीन अजून विकायची बाकी आहेत आणि किती कोकणात विकली गेली ते सांगा, त्या घरांना स्वतःहून फोन करून ऑक्सिजन तपासून द्या, कारण प्रत्येक घरात ऑक्सिमीटर असेलच असं नाही आणि पिवळा दिवा म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत नसतं.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती ह्या ऑनलाइन पोर्टलवरनं केस दाखल करतोय, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवून झालीय. मटेरिओव्हिजिलन्सचा (वैद्यकीय उपकरणामुळे झालेला त्रास सरकारला कळवायचा) फॉर्म पण भरतोय, आईचा ऑक्सिजन ८४ वर आलेला त्या रात्रीच्या नोंदीसकट.

बिल, वॉरंटी कार्ड, दोन्ही स्टिकरचे फोटो, ॲनालायझर रीडिंगचा फोटो, आवर मीटरचा फोटो, तुमचा नकाराचा मेल आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडलीय. फोन सकाळी आठनंतर कधीही करा, घरात रेंज नसते तर व्हॉट्सॲपवर मेसेज टाका, मी बाहेर येऊन लावतो.

आपला ग्राहक,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी