नाव कोणाचं लागलं?

जळगाव

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. मंडळात अमेरिकी संगीतकार आइक टर्नरवर कार्यक्रम ठरवलास आणि आता हात आखडता घेतोयस, कारण माणूस बायकोला, म्हणजे गायिका टीना टर्नरला, मारायचा. ‘कला वेगळी, माणूस वेगळा’ असं म्हणून सुरुवात करू का, विचारतोस. नको भो. आइकच्या बाबतीत ते खरंच नाही. त्याचा बँड आणि त्याचं घर एकाच मुठीत होतं. त्यापेक्षा प्रत्येक गाण्याला एकच प्रश्न विचार: वाजवलं कोणी आणि नाव कोणाचं लागलं?

आधी ‘रॉकेट ८८’ लाव. मार्च १९५१, मेम्फिस, सॅम फिलिप्सचा स्टुडिओ. बँड आइकचा, पियानोवर तो स्वतः, वय १९. तबकडीवर मात्र नाव जॅकी ब्रेन्स्टनचं, म्हणजे त्याच्याच बँडमधल्या सॅक्सोफोनवाल्याचं. गायला ब्रेन्स्टन होता, पण सगळा मान एकट्याला गेला, हे आइकला शेवटपर्यंत खुपलं.

या गाण्यातली गिटार नीट ऐकव. गिटारवाल्या विली किझार्टचा अॅम्प्लिफायर वाटेत बिघडला होता. कोणी म्हणतं गाडीवरून पडला, कोणी म्हणतं पावसात भिजला. स्पीकरचा कोन, म्हणजे आतला थरथरणारा पडदा, फाटलेला. त्यात कागद कोंबून काम भागवलं. आपल्याकडच्या बँडवाल्यांना याचा आवाज सांगायला नको. कोन हलला की फाटकी कड कागदावर घासते आणि सूर खरखरत बाहेर पडतो. दुसऱ्या कोणी रेकॉर्डिंग पुढे ढकललं असतं. यांनी ती खरखर ठेवली आणि गिटारला खालच्या सुरांत बूगीची, म्हणजे नाचऱ्या ठेक्याची, तीच ती चाल धरायला लावली. मोबाइलच्या स्पीकरवर हे खालचे सूर गायबच होतात, म्हणून मोठा बॉक्स आण. रेकॉर्डिंग मोनो आहे, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला वेगळा आवाज नाही, एक बॉक्सही पुरेल. ट्रेबल चढवू नकोस. जुन्या तबकडीची सरसर वर येते आणि गिटारची खरखर त्यात बुडते. आइकचा कान काय होता, ते या एका गाण्यात कळतं. ते मोकळ्या मनानं सांग, तिथे कंजुषी नको.

मग १९६० चं ‘अ फूल इन लव्ह’. गाणारा पुरुष आलाच नाही, म्हणून अॅना मे बुलॉक गायली. आइकनं तिचं नाव परस्पर ‘टीना टर्नर’ केलं आणि ते स्वतःच्या मालकीचं म्हणून नोंदवून घेतलं. हेतू सरळ होता: ही निघून गेली तर दुसरी बाई त्याच नावानं उभी करता येईल. मारहाण लोकांना घरातली गोष्ट वाटते. हा कागद तर धंद्याचा आहे. इथे थोडा वेळ थांब.

‘रिव्हर डीप, माउंटन हाय’, १९६६. निर्माता फिल स्पेक्टर. आइकनं मध्ये येऊ नये म्हणून स्पेक्टरनं त्याला २०,००० डॉलर दिले. गाण्यात आइकचा एक सूर नाही, तरी लेबलवर ‘आइक अँड टीना टर्नर’. ‘रॉकेट ८८’ची आठवण करून देऊन हे लावून बघ, ऐकणाऱ्यांना वेगळं समजवावं लागणार नाही. ‘प्राउड मेरी’ सगळ्यांना ठाऊक आहे, तिथे फक्त सुरुवातीचा आइकचा खालचा आवाज दाखव आणि पुढे जा.

मारहाणीबद्दल बोलताना लोक दोन ठिकाणी घसरतात. एक, सगळं कोकेनवर ढकलतात. कोकेन त्याच्या आयुष्यात १९७० च्या आसपास शिरलं. टीनानं सांगितलेला पहिला मार १९६० चा, ती गरोदर असताना, बुटात घालायच्या लाकडी साच्यानं. दुसरं, जखमांची वर्णनं मीठमसाला लावून सांगतात. तिनं १९८६ च्या आत्मचरित्रात लिहिलंय तेवढंच सांग, एकदाच, साध्या आवाजात. १९६८ मध्ये कार्यक्रमाआधी तिनं झोपेच्या गोळ्या घेतल्या होत्या, हेही.

जुलै १९७६ मध्ये डॅलसमध्ये ती हॉटेलातून पळाली, खिशात ३६ सेंट. १९७८ मध्ये घटस्फोट झाला, तेव्हा तिनं पैशांवर पाणी सोडलं आणि नाव तेवढं मागून घेतलं. रद्द झालेल्या कार्यक्रमांचं कर्ज तिच्याच डोक्यावर आलं. आइक २००७ मध्ये गेला. त्याच वर्षी त्याला ब्लूज संगीताचं ग्रॅमी पारितोषिक मिळालं होतं. तेही सांग, लपवू नकोस. फक्त टीनाचा गळा त्याच्या खात्यात जमा धरू नकोस. तिला घडवलं कोणी, असं विचारणारा एक तरी निघेलच. १९८४ चा तिचा अल्बम आइकशिवायचा आहे, तो तयार ठेव.

शेवट मात्र १९७३ च्या ‘नटबुश सिटी लिमिट्स’नं कर. लेबलवर दोघांचं नाव, पण गाणं तिनं लिहिलेलं, तिच्या टेनेसीतल्या गावावर. पहिल्याच ओळीत चर्चपाठोपाठ ‘जिन हाउस’ येतं. पुष्कळांना ते दारूचं दुकान वाटतं. ते कापसातून सरकी काढायचं जिनिंग आहे. नटबुश कपाशीचं गाव, आणि टीनानं लहानपणी कापूस वेचलेला. तुमच्या धुळ्यात हे कोणाला दोनदा सांगावं लागणार नाही.

तुझा मित्र