जेरुसलेमचे भांडण वहिवाटीचे

मा. संपादक,
स. न.

इस्रायलची बातमी आली की आपल्या मराठी वृत्तपत्रांत दोन गोष्टी ठरलेल्या. मजकुरात ‘हजारो वर्षांचे वैर’ आणि शेजारी सोनेरी घुमटाचे छायाचित्र, खाली ओळ ‘अल-अक्सा मशीद’. दोन्ही चूक. सोनेरी घुमट म्हणजे डोम ऑफ द रॉक, इ.स. ६९१-९२ मध्ये खलिफा अब्द अल-मलिकने पुरा केलेला. अक्सा मशीद त्याच आवाराच्या दक्षिण टोकाला आहे, तिचा घुमट करडा, शिशाचा. मुसलमान सुमारे ३५ एकरांच्या सगळ्या आवारालाच अल-अक्सा म्हणतात, तेव्हा चूक अर्धी माफ. ‘मशीद’ हा शब्द लिहिला की तीही माफी उरत नाही.

वैराच्या वयाचे तर गणितच जुळत नाही. ज्यूंचे दुसरे मंदिर रोमनांनी इ.स. ७० मध्ये पाडले आणि १३५ च्या बंडानंतर त्यांना जेरुसलेमची बंदी केली. इस्लामचा जन्म व्हायला तेव्हा पाच शतके अवकाश होता. १०९९ मध्ये ख्रिश्चन क्रुसेडवाल्यांनी शहर घेतले तेव्हा मुसलमान आणि ज्यू दोघांचीही कत्तल केली. ११८७ मध्ये सलादीनने ते परत जिंकल्यावर ज्यूंना पुन्हा तिथे राहता आले. मुस्लिम राजवटीत सगळे गोडीगुलाबीचे होते असे नाही, ज्यू आणि ख्रिश्चन जिझिया भरत आणि दुय्यम मानले जात. पण वेगळे राष्ट्र हवे ही हाक आली ती युरोपातल्या छळातून. झायोनिस्टांची, म्हणजे ज्यूंचे वेगळे राष्ट्र मागणाऱ्यांची, पहिली परिषद १८९७ मध्ये स्वित्झर्लंडच्या बासेलमध्ये भरली. म्हणजे आजच्या तंट्याचे वय सव्वाशे वर्षांच्या थोडे पुढे.

मग धर्म येतो कुठे? तो येतो मोजक्या जागांवर, आणि तिथे वाद देवाचा नसून वहिवाटीचा असतो. हे कोकणी माणसाला समजावून सांगावे लागू नये. शिमग्यात पालखी आधी कोणाच्या अंगणात, पहिला नारळ कोणाचा, यावरून गावे पिढ्यान् पिढ्या कोर्टात गेलेली आपण पाहतो. एका वर्षी मुभा दिली की पुढच्या वर्षी तो हक्क होतो, ही भीती दोन्ही बाजूंना असते.

जेरुसलेमची पश्चिम भिंत अशीच. ही मंदिराची भिंत नव्हे. ज्या चौथऱ्यावर आज अक्साचे आवार आहे, तो मंदिराचा चौथरा हेरोद राजाने वाढवला, त्याची ही आधारभिंत. मंदिराचे तेवढेच उरले म्हणून ज्यू तिथे प्रार्थना करतात. मुसलमानांच्या श्रद्धेने पैगंबरांनी स्वर्गारोहणाच्या रात्री आपले दिव्य वाहन बुराक इथेच बांधले. १९२० च्या दशकात, पॅलेस्टाइन ब्रिटिशांच्या ताब्यात असताना, भिंतीपुढे जेमतेम चार मीटर रुंदीची गल्ली होती आणि ती मगरेबी, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुसलमानांच्या वक्फची. ज्यूंना उभे राहून प्रार्थना करण्याची जुनी मुभा होती, बाके वा पडदे मांडण्याची नव्हती. २४ सप्टेंबर १९२८, योम किप्पूरचा, ज्यूंच्या उपवास-प्रायश्चित्ताचा दिवस. स्त्री-पुरुषांमध्ये कापडी आडपडदा उभा केला होता, तो ब्रिटिश पोलिसांनी उपटून काढला. ज्यूंना हा धर्मावर घाला वाटला. जेरुसलेमचे मुफ्ती हज अमीन अल-हुसेनी यांनी प्रचार चालवला की आज पडदा, उद्या सभागृह, परवा अख्खे आवार. पुढच्या ऑगस्टमध्ये दंगल पेटली: १३३ ज्यू आणि ११६ अरब मेले, त्यांतले ६७ ज्यू एकट्या हेब्रॉनमध्ये. नंतर नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा निवाडा अगदी आपल्या दिवाणी कोर्टाच्या थाटाचा आहे. मालकी वक्फची, प्रार्थनेला येण्याचा ज्यूंचा हक्क कायम, बाके, पडदे आणायचे नाहीत, शिंग फुंकायचे नाही, आणि ज्यूंच्या प्रार्थनेच्या वेळी मुसलमानांनी शेजारी झिक्र (अल्लाचे नामस्मरण) करायचा नाही.

१९६७ च्या जूनमध्ये इस्रायलने जुने शहर घेतले आणि काही दिवसांतच मगरेबी वस्तीची सुमारे १३५ घरे पाडून भिंतीपुढे आजचे पटांगण केले. वरच्या आवाराची व्यवस्था मात्र संरक्षणमंत्री मोशे दायान यांनी मुस्लिम वक्फकडेच ठेवली. आतला कारभार जॉर्डनच्या देखरेखीखालील वक्फचा, बाहेरचा पहारा इस्रायलचा; मुसलमानेतरांनी पाहायला यावे, प्रार्थना करू नये. ही तोंडी वहिवाट जरा हलली की रक्त सांडते. १९९६ मध्ये भिंतीलगतच्या बोगद्याचे दार उघडले, २८ सप्टेंबर २००० ला तेव्हाचे इस्रायली विरोधी पक्षनेते एरियल शेरॉन आवारात गेले, २०१७ मध्ये दारांवर धातुशोधक कमानी बसवल्या, प्रत्येक वेळी तेच झाले. कमानीत वाईट काय, असे आपल्याकडे अनेकांनी विचारले. कमान कोण बसवतो, यावरून दाराचा मालक ठरतो.

दुसरा धागा जमिनीचा, आणि तोही रायगड-रत्नागिरीला परका नाही. ऑटोमन सरकारने १८५८ मध्ये जमीन नोंदणीचा कायदा केला. कर आणि लष्करभरती या दोन धास्तींनी कित्येक शेतकऱ्यांनी आपली नावे लावलीच नाहीत. जमिनी शहरी बड्या घराण्यांच्या नावे लागल्या. बैरुतच्या सुरसोक घराण्याने १९२० च्या दशकात मर्ज इब्न आमेर, म्हणजे जेझरील खोऱ्यातली मोठी शेती झायोनिस्ट संस्थांना विकली. व्यवहार कागदावर कायदेशीर, कसणारे कूळ रस्त्यावर. १९०१ मध्ये स्थापन झालेल्या ज्यूइश नॅशनल फंडाचा नियम असा की घेतलेली जमीन पुन्हा विकायची नाही, ज्यूंनाच पट्ट्याने द्यायची. म्हणजे जुन्या कुळाला परतीची वाट बंद. त्याच सुमारास आपल्याकडे अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे खोतांच्या जमिनी पडीक ठेवल्या. पुढे आपल्याला कूळकायदा आणि खोती निर्मूलन मिळाले. पॅलेस्टाइनच्या कुळाला १९४८ चे युद्ध मिळाले.

अर्थात विकत घेतलेली जमीन हा हिमनगाचा तुकडाच. १९४७ पर्यंत ज्यूंच्या मालकीची जमीन एकूण क्षेत्राच्या सहा-सात टक्के होती आणि ज्यू लोकसंख्येच्या एक तृतीयांश. १९२२ च्या जनगणनेत ते साडेसात लाखांत ८४ हजार होते. २९ नोव्हेंबर १९४७ ला संयुक्त राष्ट्रांत फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत झाला. भारताने विरोधात मत दिले, त्याआधी इराण आणि युगोस्लाव्हियासोबत संघराज्याची पर्यायी योजना मांडली होती. अरबांनी ठराव नाकारला. १९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घरांना मुकले; १९५० च्या इस्रायली कायद्याने त्यांची मालमत्ता ‘गैरहजरांची’ ठरली. पुढच्या दोन-अडीच दशकांत इराक, येमेन, इजिप्त, मोरोक्कोतून लाखो ज्यू बाहेर पडले, त्यांतले बरेच मालमत्ता गमावूनच. एका यादीचा उल्लेख करून दुसरी गाळणे हा दोन्हीकडच्या वक्त्यांचा आवडता खेळ आहे. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्याला हमासने नाव दिले ‘अल-अक्सा पूर’. त्यात सुमारे १,२०० लोक मारले गेले, त्यानंतरच्या युद्धात गाझाच्या आरोग्य खात्याच्या नोंदीनुसार मृत पन्नास हजारांवर गेले. नाव आवाराचे आहे. पण गाझातली बहुसंख्य माणसे १९४८ च्या निर्वासितांची मुलेनातवंडे आहेत.

भाषांतर करणाऱ्या उपसंपादकांसाठी एक सूचना. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या १९६७ च्या २४२ क्रमांकाच्या ठरावात इस्रायलने व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी असे आहे. इंग्रजीत ‘प्रदेशां’आधी उपपद (the) नाही, फ्रेंचमध्ये आहे. ‘काही’ की ‘सर्व’, यावर अर्धशतक वाद चालू आहे. मराठीत उपपदच नसल्याने भाषांतरात वाद दिसेनासाच होतो. तिथे एक कंस घालून सांगावे. दुसरे, पंचांग. ज्यू कालगणनेत आपल्यासारखाच अधिक मास आहे, १९ वर्षांत ७, इस्लामीत नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि काही वर्षे ज्यूंच्या पेसाहच्या सणावर येऊन आदळतो. २०२२ आणि २०२३ चा एप्रिल असाच होता. त्या आठवड्यांत जेरुसलेमकडे लक्ष ठेवावे.

‘ज्यू’ हाही एकजिनसी गोळा नाही. आपले बेने इस्रायल म्हणजे कोकणातले ज्यू, नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून उतरल्याची परंपरा सांगणारे, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली. दिवेकर, राजपूरकर, पेणकर १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले, इथे कोणी छळले म्हणून नव्हे. तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, त्यांच्या लग्नांसाठी वंशाची चौकशी लावली. जेरुसलेमला धरणे धरल्यावर १९६४ मध्ये संसदेने त्यांना पूर्ण ज्यू मानले.

शेजाऱ्यांशी तह होतच नाहीत, हेही खरे नाही. इजिप्तशी १९७९ मध्ये झाला, जॉर्डनशी १९९४ मध्ये. जॉर्डनच्या तहात जेरुसलेमच्या मुस्लिम स्थळांतली त्याची खास भूमिका मान्य आहे आणि पाण्याचे वाटे लिहिलेले आहेत. सरहद्दीवरची बाकुरा आणि घम्र ही शेते जॉर्डनची, पण कसणारे इस्रायली, २५ वर्षांच्या बोलीवर. १९९७ मध्ये बाकुरात एका जॉर्डेनियन सैनिकाने सात इस्रायली शाळकरी मुलींना गोळ्या घातल्या. राजे हुसेन स्वतः त्यांच्या घरी सांत्वनाला गेले आणि करार टिकला. मुदत संपण्याच्या वर्षभर आधी, ठरल्याप्रमाणे, जॉर्डनने नोटीस दिली. १० नोव्हेंबर २०१९ ला फाटक बंद झाले. घम्रमधले उभे पीक मात्र पुढच्या एप्रिलपर्यंत काढून नेऊ दिले.

आपला,
एक वाचक
अलिबाग, जि. रायगड