भोगीच्या डब्यासोबत

नाना पेठ, पुणे
भोगी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

डब्यात भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी आहे, ती आधी खा. खालच्या कापडी पिशवीत प्लगपाना, एक नवा प्लग, फट मोजायच्या पात्यांचा फीलर गेज आणि जुन्या धोतराचे दोन तुकडे ठेवलेत. त्यांचं काय करायचं ते सांगायला हे पत्र. फोनवर तू घाईत असतोस, नुसतं ‘हो हो’ म्हणतोस आणि माझं अर्धं बोलणं राहूनच जातं.

काल पहाटे वीस मिनिटं बाबांच्या बाईकला किक मारून तू दमलास, कंपनीची बस चुकली, अर्धा दिवस कापला गेला. ऐकून फार वाईट वाटलं. पण शेवटी ‘संध्याकाळी नवी बॅटरीच टाकतो’ म्हणालास ना, ते करू नकोस. बॅटरी गेलेली नाही. तू फोन चालू ठेवून सेल्फ मारत होतास, तेव्हा मागचा आवाज मला ऐकू येत होता. पहिल्या चार वेळा इंजिन चांगलं गरगर फिरलं, फक्त पेट घेत नव्हतं. मग ते मंदावलं आणि अगदी शेवटी नुसतं टक-टक सुरू झालं. म्हणजे बॅटरी मुळात भरलेली होती, ती सेल्फ मारून मारून उतरली. खात्री हवी असेल तर कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडे मीटर लावून बघ. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर साडेबारा व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक. बाराच्या जवळ आली असेल तर चार्जिंगला दे. चार्ज करूनही सेल्फ मारताना दहाच्या खाली घसरत असेल, तरच नवीचा विचार.

बावीस वर्षं मी स्पेअर पार्टच्या काउंटरवर उभी आहे. थंडी पडली की सकाळी दहाच्या आत माणसं येतात, ‘प्लग द्या’, ‘बॅटरी द्या’, ‘कॉइल द्या’. मी विचारते, गाडी काय करते? ‘चालू होत नाही.’ चालू होत नाही म्हणजे सेल्फ फिरतो का? टक-टक वाजतं? की काहीच होत नाही? याचं उत्तर फार थोड्यांकडे असतं. आणि सगळं तर त्यातच असतं. काहीच झालं नाही तर आधी लाल किल स्विच बघायचा, मग न्यूट्रलचा दिवा, मग फ्यूज. टक-टक वाजलं तर बॅटरी किंवा तिचं टर्मिनल. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरलेली असते, नाहीतर नट सैल असतो. पण इंजिन जोरात फिरूनही पेट घेत नसेल, तर बॅटरीला हात लावायचं कारणच नाही. तिथे पेट्रोल, करंट आणि हवा या तिघांत बघायचं. तुझं दुखणं यातलं आहे.

‘घरी असताना असं कधी झालं नाही’ म्हणालास. बरोबर आहे. इथे वाड्याला वाडा चिकटलेला, दिवसभर तापलेल्या भिंती रात्रभर ऊब सोडत राहतात. तू आता राहतोस त्या पाषाणला उघडं माळरान, टेकड्या, तलाव. निरभ्र रात्री जमीन भराभर निवते आणि थंड हवा सखल भागात साचून राहते. वेधशाळेचे आकडे बघ, पाषाणचा पारा बऱ्याचदा शिवाजीनगरच्याही खाली असतो. शिवाजीनगरला १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश नोंदलं गेलं होतं, पुण्याची थंडी साधी समजू नये. त्यात इथे तू नऊला निघायचास, तिथे साडेपाचला निघतोस. सगळ्यात गार वेळ सूर्य उगवायच्या आसपासचीच असते. गाडी तीच आहे रे, तिची जागा आणि वेळ बदलली.

गारठ्यात होतं काय, तर पेट्रोल नीट उडत नाही. आणि जळते ती पेट्रोलची वाफ, पातळ पेट्रोल नाही. म्हणून चोक ओढून हवेच्या मानाने पेट्रोल जास्त सोडायचं, म्हणजे त्यातलं थोडं उडालं तरी भागतं. इंजिन ऑइलही जड होतं. खोबरेलासारखं थिजत नाही, पण घट्ट होतं आणि किक जड लागते. मागच्या महिन्यात रस्त्यावरच्या गॅरेजात तू २०डब्ल्यू-५० टाकून घेतलंस. बाबांच्या गाडीच्या पुस्तकात १०डब्ल्यू-३० लिहिलंय. त्या डब्ल्यूचा अर्थ विंटर. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल गारठ्यात पातळ राहतं. पुढच्या वेळी पुस्तकातलंच टाक, दुकानदार काहीही म्हणो.

आता उद्या पहाटेचं. पेट्रोलचा कॉक चालू आहे ना बघ. चावी बंद ठेवून, चोक पूर्ण ओढून, दोन-तीन किक सावकाश मार. मग चावी लाव आणि किक हळूहळू दाबत ने. एका जागी ती अडते. तिथून पाय वर घेऊन पूर्ण दाबाने एकच किक द्यायची. या सगळ्यात रेस अजिबात द्यायची नाही. चोक ओढलेला असताना मूठ पिळली की चोकचा उपयोग राहत नाही, आणि तू तेच करतोस, लहानपणापासून बाबांचं बघून. सेल्फ मारायचा तर पाच सेकंदांच्या वर नको, मध्ये पंधरा सेकंद थांब. तिसऱ्या खेपेला नाही झाली तर थांब आणि वास घे. पेट्रोलचा वास आला तर प्लग ओला झालाय. चोक बंद कर, मूठ पूर्ण उघडी धर आणि पाच-सहा किक मार, म्हणजे आतलं जास्तीचं पेट्रोल बाहेर पडेल. काल तू पेट्रोलचा वास येतोय म्हणालास आणि तरी चोक ओढूनच ठेवला होतास.

चालू झाली की अर्ध्या मिनिटाने चोक अर्धा, मिनिट-दोन मिनिटांत पूर्ण बंद. अ‍ॅव्हरेज पडलंय म्हणालास, त्यावरून मला वाटतं तू बसस्टॉपपर्यंत चोक तसाच ठेवून जातोस. तसं असेल तर प्लग काजळलेला असणार. आणि बंद पार्किंगमध्ये गाडी गरम करत उभा राहू नकोस. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तळमजल्यावरच्या आजींची खिडकी तिथेच आहे. ढकलत बाहेर घे.

रविवारी सावलीत बसून प्लग काढ. गाडी गार असताना, आणि पाना लावण्याआधी प्लगच्या भोवतीची माती फुंकून, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. टोक निरखून बघ. विटकरी किंवा दुधाच्या चहासारखं असेल तर सगळं ठीक. कोरडी, बोटाला लागणारी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त होतंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. काळं आणि तेलकट असेल तर मला सांग, ते दुखणं मोठं आहे. वीस किकांनंतरही खडखडीत कोरडा निघाला तर पेट्रोल पोहोचतच नाही. मी बघितल्यावर धोतराच्या तुकड्याने पूस, टोकाची फट म्हणजे गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेव. फीलर गेजची पाती हलकी घासत जायला हवी, अडकायला नको. करंट बघायचा असेल तर प्लग टोपीत घालून त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकव आणि किक मार. त्याआधी प्लगच्या भोकावर कापड दाब आणि प्लग तिथून दूर धर, पेट्रोलची वाफ ठिणगीने पेटते. हाताने धरू नकोस, टोपी रबरी मुठीच्या पक्कडीत धर. ठिणगी निळी आणि कडक हवी. परत बसवताना पहिले आटे बोटांनीच फिरव. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, वाकडा आटा पान्याने दामटला की खर्चच खर्च.

हे मी इतकं का लावून धरते, ते तुला कधी सांगितलं नाही. तू दोन वर्षांचा होतास. डिसेंबरच्या एका पहाटे आजीला दम्याचा जोराचा झटका आला आणि स्कूटर चालू होईना. बाबा किक मारत होते, मी तुला कडेवर घेऊन रिक्षा शोधत धावले. आजी वाचली. पण दुसऱ्या दिवशी मी दुकानातून प्लग आणला, मग बॅटरी, मग कॉइल. महिनाभराचा किराणा त्यात गेला, आणि स्कूटर पहाटे तशीच हटून बसायची. शेवटी एका मेकॅनिकने कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, वाटीखालचा छोटा स्क्रू सोडला आणि काचेच्या बाटलीत पेट्रोल उतरवलं. तळाशी पाण्याचा थेंब वेगळा बसलेला मी डोळ्यांनी पाहिला. अर्धी रिकामी टाकी उघड्यावर उभी राहिली की आत दव धरतं, तेच पाणी. आता तर पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते ओल ओढून घेतं. म्हणून तूही रात्री टाकी भरलेली ठेव. प्लग बदलूनही फरक पडला नाही तर तो स्क्रू सोडून बघ, खाली काचेची बाटली धर.

तुझ्या रूममेटच्या गाडीला यातलं निम्मं लागू नाही. तिला चोकच नाही, फ्युएल इंजेक्शन आहे. त्याला सांग, चावी फिरवल्यावर पंपाची घुईं थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद थांब, मग सेल्फ मार.

नवा प्लग लगेच लावू नकोस. आधी जुना साफ करून लाव आणि दोन दिवस बघ. किक मारायची पद्धत आणि प्लग, दोन्ही एकदम बदलले तर दुखणं कुठलं होतं ते कळणार नाही.

रविवारी मी मनपाहून बसने येते, तोवर काढलेला प्लग पुसू नकोस, मला आधी आहे तसा बघायचाय. आणि उद्या साडेपाचला फोन लाव. काही बोलू नकोस, फोन सीटवर ठेव आणि किक मार. मी जागी असेन, आवाज ऐकते.

तुझी,
आई