कॅसेट उतरवून घेताना मूळ फाइल मागा

संपादक महोदय,

लग्नामुंजीच्या व्हीएचएस कॅसेट पेन ड्राइव्हवर उतरवून देणारी दुकाने बरीच आहेत. काम निकडीचे आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, जुलै २०१६मध्येच ते बनवायची थांबली. पण हाती येणारी एमपी४ फाइल पुष्कळदा टेपहून वाईट असते, आणि ती मिळाली की लोक कॅसेट भंगारात देतात.

घोळ होतो तो टीव्हीचे चित्र संगणकात शिरताना. आपल्या टीव्हीची पाल (PAL) पद्धत सेकंदाला २५ चित्रे दाखवते, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत: आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. जुन्या डब्बा टीव्हीला ते तसेच चालत असे. संगणक दोन्ही हप्ते एकत्र दाखवतो. मधल्या १/५० सेकंदात नवरीचा हात हलला, की बांगड्यांच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. ते घालवायला काही जण एक हप्ताच टाकून देतात. ५७६ ओळींतल्या २८८ गेल्या आणि हालचालही अडखळली. खरा उपाय म्हणजे ५० हप्त्यांची ५० पूर्ण चित्रे करणे. एफएफएमपेग (FFmpeg) या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमधला याडिफ (yadif) फिल्टर ते फुकटात करतो, फक्त मोड १ लावायचा; काही न सांगता चालवला तर २५च मिळतात.

दुसरी खोट अक्षता पडताना पकडता येते. प्रत्येक दाणा प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे प्रत्येक चित्रात, जागा बदलतो. फाइल फार दाबलेली असेल तर नेमके तिथेच चित्राचे चौकोन होतात. टेपवरच्या चित्रातली खरखरही फाइल दाबणाऱ्या एन्कोडरला हालचालच वाटते, म्हणून जुनी टेप नव्या चित्रीकरणापेक्षा जास्त बिटरेट, म्हणजे सेकंदाला जास्त डेटा, मागते.

आवाज मागेपुढे होतो त्याचे कारण वेगळे. घासलेल्या टेपचा सिग्नल डळमळतो आणि व्हीसीआर संगणकाला जोडणारे स्वस्त यूएसबी कॅप्चर यंत्र फ्रेम गाळते. २५ गळल्या की एक सेकंदाचा फरक. डळमळता सिग्नल स्थिर करणारे टाइम बेस करेक्टर हे यंत्र दोन्हींच्या मध्ये जोडले तर हे बरेच आटोक्यात येते.

म्हणून दुकानदाराकडे एमपी४बरोबर मूळ डीव्ही फाइलही, म्हणजे टेपवरून उतरवलेली कमी दाबलेली फाइल, मागावी. तासाला साधारण १३ जीबी लागतात. 'पेन ड्राइव्हवर बसत नाही' असे उत्तर आले, तर बहुधा तो फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये आहे. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की जाते.

कोकणातल्यांनी आणखी एक पाहावे. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नये. टेप वाचणारे व्हीसीआरचे हेड तर माखतेच, पुढच्या प्रत्येक कॅसेटलाही ती लागते.

– एक व्हिडिओ तंत्रज्ञ, रत्नागिरी